पाण्यावर कोण आहे?

तोमासाने अंगणातला दगड उचलून झाडावरच्या केलेले पक्ष्यावर भिरकावला. दगड मेस्कीटच्या फांदीला लागून खाली पडला. तो मढंखाऊ पक्षी जागचा हललाही नाही. काळी टोपी घातल्यासारखं डोकं वळवून त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा बकऱ्यांच्या वाड्याकडे, आणि चोच फांदीवर घासली. तिने दुसरा दगड उचलला.

“मार, मार,” ओसरीतून नाबोर म्हणाला. “तो उडाला की आपा परत येतील.”

दगड मुठीत धरून ती धाकट्या भावाकडे वळली. नाबोरने नजर कॉफीच्या पेल्यात घातली.

थोरला, क्रिसांतो, उंबऱ्यावर बसून पायांना चामडी बांधत होता. ती आपांची, त्यांच्या बापाची, चामडी होती, घळीतल्या काट्यांत शिरताना पोटऱ्यांवर बांधायची. वाद्या बापाच्या पायाच्या मापाच्या. क्रिसांतोच्या पायाला त्या पुरेनात. शहरात पाण्याचा टँकर चालवून चालवून त्याच्या पोटऱ्या सुटल्या होत्या. तो वाद्या ओढत होता आणि वर बघत होता.

“लोंबॉयच्या घळीवर गिधाडं उठलीत,” तो म्हणाला.

तोमासाला ती उजाडल्यापासून दिसत होती. काळे ठिपके हळूहळू गोल फिरत होते, एकावर एक, जिना लावल्यासारखे. तिने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. आधी धारा काढल्या, मग दुधाला विरजण लावलं, मग पीठ मळून तोर्तिया भाजल्या. आकाशात काहीही असलं तरी बकऱ्यांचे सड दुखायचे थांबत नाहीत.

“बरीच आहेत,” नाबोर म्हणाला.

“माहीत आहे.”

“म्हणजे काहीतरी मोठं...”

“नाबोर, तोंड बंद कर आणि खेचरावर खोगीर घाल,” क्रिसांतो म्हणाला.

दोघं निघाले. तोमासाला कोणी चल म्हणालं नाही, थांब असंही म्हणालं नाही. चुलीपाशी बाई असतेच, जशी तिथे राख असते. खेचरांच्या टापा घळीत विरल्या. तोमासा अंगणाच्या मधोमध उभी राहिली आणि तिच्या मनात स्पष्ट शब्दांत आलं : तेच असू देत. सुटतील. मीही सुटेन.

मग तिने हातातला दगड इतक्या जोराने फेकला की खांदा लचकला. केलेले कंटाळल्यासारखा उडून कुंपणावर जाऊन बसला.

दोन्ही भाऊ पिकअप घेऊन आले होते ते बापाला न्यायला. त्यांचं, म्हणजे डॉन हिलारियो मुरियोंचं, वय ऐंशीच्या पुढे होतं आणि डोळ्यांवर पडदा चढला होता. समोर कोणी उभं आहे एवढं त्यांना कळे, कोण आहे ते आवाजावरून. क्रिसांतोच्या बायकोने मागची खोली रंगवून ठेवली होती. खोलीत पंखा होता. बकऱ्यांचा सौदा ठरला होता, घेणारा रविवारी येणार होता. नाबोर ज्या हॉटेलात माळीकाम करायचा, तिथे धुलाईघरात तोमासासाठी जागा निघाली होती. चादरी, टॉवेल, सगळं यंत्रात. राहायला खोली. नाबोरने मोबाइलवर तिला त्या खोलीचा फोटो दाखवला होता. एक खाट, एक खिडकी, खिडकीत समुद्राची निळी पट्टी. आणि कोपऱ्यात नळ. भिंतीतून निघालेला, आपल्या आपण पाणी देणारा.

तो फोटो तिने पुन्हा दाखवायला सांगितला होता. नंतर नाबोर झोपलेला असताना मोबाइल उचलून स्वतःच बघायचा प्रयत्न केला, पण तो उघडायचा कसा ते तिला ठाऊक नव्हतं.

भावांनी ठरवलं खरं, पण बापाला सांगायचं कोणी? दोघंही लांब लांब फिरत राहिले. एक पिकअपचं तेल बघतोय, दुसऱ्याला अचानक कुंपण दुरुस्त करायचं सुचलंय. शेवटी क्रिसांतो म्हणाला, तोमा, तुझं ऐकतात ते, तूच सांग. आणि तिने सांगितलं. चीज साच्यात दाबता दाबता, हातांवरून निवळ ओघळत असताना, त्यांच्याकडे न बघता ती म्हणाली, “आपा, आता बास झालं. मला होत नाही.”

 म्हाताऱ्याने चीजच्या साच्यावर हात ठेवला, किती घट्ट झालंय ते बघितल्यासारखा. आईचं आजारपण झालं तेव्हाही असंच कोणीतरी त्याला सांगितलं होतं, की चार दिवसांसाठी खाली नेऊ. आई खालीच पुरलेली होती, पेट्रोल पंपामागच्या दफनभूमीत.

दुसऱ्या दिवशी कॉफी उकळायच्या आत तो निघून गेला होता. टोपी नव्हती, सुरी नव्हती, खुंटीवरची पिशवी नव्हती. खेचर होतं.

*

भाऊ दुपारी परत आले. नाबोरचा चेहरा पांढरा पडला होता आणि त्याच्या हॉटेलातल्या पांढऱ्या बुटांवर ओकारीचे डाग होते.

“गाढव,” क्रिसांतोने खेचरावरून उतरत सांगितलं. “लोपेचं. कड्यावरून पडलं असेल.”

तोमासा ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. हात सुटला तेव्हा बोटांवर खांबाचे व्रण उमटले होते. आनंद झाला का? झाला. आणि त्याच्या पाठोपाठ थकवा आला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

तिने ताटं वाढली. घेवडा, सुकवलेलं मांस, तोर्तिया. क्रिसांतो घास न चावता गिळत होता.

“तू त्यांना नेमकं काय बोललीस?”

“जे तू मला बोलायला लावलंस ते.”

“नीट सांगितलं असतंस तर...”

“तू सांगायचं होतंस ना नीट! टँकरचा भोंगा वाजवून सांगायचं. शहरात तुझं सगळे ऐकतात.”

“तोमा.”

“काय तोमा? दोन वर्षांत एकदा येता, चीज घेऊन जाता. आपांच्या पायाला गळू झालं तेव्हा कोणी होतं इथे? आणि आता विचारतोस, नेमकं काय बोललीस!”

नाबोर हळूच म्हणाला, “भांडू नका. आपा ऐकत असतील कुठूनतरी.”

तिघांनीही माना ताटांत घातल्या. लहानपणी असंच व्हायचं. म्हातारा समोर नसला तरी घळीत कुठेतरी आहे, हे धरूनच भांडणं हळू आवाजात व्हायची.

क्रिसांतोने ताट सरकवलं. “नाबोर, तू पिकअप घेऊन खाली जा. गावातून माणसं घेऊन ये. ज्यांच्याकडे कुत्री आहेत त्यांनाही. रात्रीतच निघा, म्हणजे उजाडताना सगळे इथे पोचतील.”

“कुत्री?” तोमासाने विचारलं.

“मग? पाताळातून काढू, पण उद्या काढू. सापडले की तसेच गाडीत घालून खाली. इथे परत पाय ठेवायचा नाही. माझ्यात दुसऱ्यांदा हे करायची ताकद नाही.” त्याचा आवाज फाटला. घोगऱ्या आवाजात त्याने पुढे सांगितलं, “मी उन्हं उतरली की वरच्या धारेने जातो. ताडांपर्यंत बघून येतो.”

“ताडांपाशी परवाच बघितलंस.”

“पुन्हा बघतो. काय करू, बसून राहू?”

बसून राहू. तो शब्द ताटं घासताना तिच्या डोक्यात घुटमळत राहिला. परवापासून ह्या घरात कोणी बसलंच नव्हतं. हाका मारल्या, धावाधाव केली, खेचरं पिदडली, मेणबत्त्या लावल्या. आकाशात फक्त गिधाडं शोधली. म्हाताऱ्याने आयुष्यभर जे शिकवलं ते कोणाला आठवलं नाही, आणि तिला तर रोज त्याच्याबरोबर ते करायची सवय.

*

उन्हं कलली तेव्हा ती घरामागच्या कड्यावर चढली. तिथे एक सपाट दगड होता, बसून बसून गुळगुळीत झालेला. डॉन हिलारियो रोज संध्याकाळी तिथे येऊन बसायचे. इथून सगळी घळ उघड्या हातासारखी दिसते. तळाला वाळूचा कोरडा पट्टा, मधूनच बोरूची हिरवी बेटं, जिथे ओल आहे तिथे तेवढीच. दोन्ही बाजूंच्या तांबड्या कड्यांना चिकटलेली पांढऱ्या खोडांची झाडं. उतारावर कार्दोन निवडुंगांचं रान, एकेक खांब घराहून उंच. आणि वर, जिथे घळ वळते आणि अरुंद होते तिथे, एकच गडद काळपट हिरवा डाग. तो सालाते. रानटी अंजिराचं झाड, वडासारखं, कड्यावरून मुळं सोडून खडक मिठीत धरलेलं. त्याच्या पायथ्याशी खडकात पाण्याचा रांजण. सगळे झरे आटले तरी तो आटत नाही.

लहानपणी बाप तिघांना ह्या दगडावर पालथं झोपवायचा आणि विचारायचा, “सांगा, पाण्यावर कोण आहे?”

रांजण इथून दिसत नाही. पक्षी दिसतात, आणि उत्तर पक्ष्यांवरून द्यायचं असे. संध्याकाळी होले येतात, पंखावर पांढरी पट्टी असलेले, दिवसभर पिताया निवडुंगाची लाल फळं खाऊन तोंडं माखलेले. सरळ खाली उतरले तर पाण्यावर कोणी नाही. घिरटी घालून फिरले तर कोणीतरी आहे. कोण, ते बाकीचे सांगतात. डोमकावळे ओरडले तर पूमा. कड्यातला एवढासा तपकिरी पक्षी चिरचिर करत राहिला तर साप. नाबोर दर वेळी पूमा म्हणायचा, पूमा हवा असायचा त्याला. तोमासा होल्यांवर नजर ठेवायची. क्रिसांतो होल्यांकडे बघतच नसे, बाकी सगळ्यांकडे बघे. तोच जिंकायचा.

पुढे म्हाताऱ्याची नजर गेली आणि खेळ उलटा झाला. तो विचारायचा, ती बघून सांगायची. होले आले का? आले आपा. किती? पुष्कळ. उतरले? उतरले. मग तो गुडघ्यांवर हात टेकून उठायचा, म्हणायचा, चला, सगळं जागेवर आहे. ह्या रोजच्या ‘सगळं जागेवर आहे’चा तिला अलीकडे इतका राग यायचा की कधीकधी ती न बघताच ‘उतरले’ म्हणून टाकायची.

ती आज बसली. पाय स्वस्थ राहीनात. टाचेने खडे उकरत राहिली. नाबोरची पिकअप धूळ उडवत खाली निघून गेली. वरच्या धारेवर क्रिसांतोचं खेचर मुंगीसारखं सरकत होतं. ऊन कड्यावर चढत चढत वर गेलं, घळीचा तळ निळा झाला.

होले आले.

उतारांवरून थव्याथव्याने, नेहमीसारखे, सरळ रेषेत, खाली खाली. वळणावर पोचले, सालातेच्या डोक्यावर आले, आणि फुटले. पहिला थवा वर उचलला गेला, गोल फिरला, जवळच्या कार्दोनांवर जाऊन बसला. दुसरा थवाही तसाच. तिसरा.

तोमासाच्या टाचा थांबल्या.

पूमा, तिच्या मनात आलं. डोमकावळे दोन होते, गप्प, कड्यावर बसून पिसं साफ करत होते. पूमा नव्हे. साप? तेवढ्यात घळीतून ते गाणं आलं, त्या तपकिरी पक्ष्याचं, पायऱ्या उतरल्यासारखं एकेक सूर खाली खाली येणारं. कोणी नवखं जवळ असतं तर तो गायला नसता, चिरचिरला असता. म्हणजे पाण्यावर जो कोणी होता तो इतका वेळ, इतका स्थिर बसला होता की त्या पक्ष्याच्या लेखी तो दगड झाला होता. होल्यांच्या लेखी झाला नव्हता.

ती हाक मारायला उठली. क्रिसांतोला इथून हाक पोचली असती. तोंड उघडलं, आणि का कोण जाणे, तसंच मिटलं. घरात जाऊन पिशवीत उरलेल्या तोर्तिया आणि पाण्याची बाटली कोंबून ती मागच्या उताराने घळीत उतरली.

मागच्या वादळात रांजणाकडची वाट वाहून गेली होती. खोलीएवढे धोंडे एकमेकांवर पडले होते. डोळे असलेला माणूस धड गेला नसता, म्हणूनच तिकडे शोधायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं. ती एका धोंड्यावरून घसरली, गुडघा सोलला. तिने एक सणसणीत शिवी दिली, बापाला की धोंड्याला ते तिचं तिलाही कळलं नसतं.

तो रांजणाच्या अगदी काठाशी बसला होता. टोपी डोक्यावर, पाठ ताठ, उजवा हात मनगटापर्यंत पाण्यात. ओठांभोवती पितायाचा लाल रस सुकला होता. डाव्या हाताची बोटं काट्यांनी सुजून टम्म झाली होती.

“कोण?”

“मी.”

“एकटी?”

“मग काय बँड घेऊन येऊ?”

म्हातारा हसला. ते हसणं ऐकून तिला रडू येण्याऐवजी असा काही संताप आला की ती दोन पावलं मागे सरली.

“हाका ऐकू आल्या नाहीत?”

“आल्या ना. क्रिसांतोचा आवाज फार फाटलाय. सिगारेट कमी करायला सांग त्याला.”

“म्हणजे ऐकत बसला होतात! आणि तिकडे आम्ही, तिकडे तुमची पोरं सडकं गाढव बघून आली, तुम्ही असाल म्हणून!”

“कोणाचं गाढव?”

“लोपेचं.”

“राखाडी? अगं, चांगलं होतं ते.”

ती खडकावर मटकन बसली. तोर्तिया काढून त्याच्या मांडीवर ठेवल्या. त्याने सुजलेल्या हाताने एक उचलली, वास घेतला, सावकाश खायला लागला. पाण्यातला हात पाण्यातच.

“हात काढा बाहेर. सुरकुतलाय बघा, मेल्यासारखा.”

“काढला की पाणी कुठे गेलं ते कळत नाही. एकदा काढला परवा, तर सगळी दुपार चाचपडत होतो.” त्याने घास गिळला. मग पुढचं बोलला, सहज, बकऱ्यांबद्दल बोलल्यासारखं. “बरं झालं आलीस. सकाळी येणारच होतो मी परत. तुझं खरं आहे. जाऊ खाली.”

तोमासाने मान वर केली.

“कुठे खाली?”

“तुमच्या गावात. पंख्याखाली.” त्याने तोंड पुसलं. “होले येत नाहीत गं आता. परवा संध्याकाळी बसलो, नाही आले. काल बसलो, नाही. मी म्हटलं, कान गेले असतील, पण तो बारका गातोय तो ऐकू येतो. होलेच नाहीत. पंखांचा आवाज येतो वरून, आणि निघून जातात. एवढं पाणी असून उतरत नाहीत. म्हणजे घळ संपली. तू रोज सांगायचीस उतरले, उतरले, म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून सांगत असशील.”

तिने सोललेल्या गुडघ्यावरची वाळू झटकली.

“रागावलो नाही मी,” तो म्हणाला. “होलेच नाहीत तर मी तरी कोणासाठी बसू? चल. काठी दे.”

तिने वर पाहिलं. कड्याच्या दोन्ही अंगांना, कार्दोनांच्या प्रत्येक खांबाच्या माथ्यावर होले बसले होते. दाटीवाटीने, माना पुढे काढून, चोची किंचित उघड्या. दिवसभराचे तहानलेले. सगळ्यांची नजर एका टोपीवर. पाण्याच्या काठाला बसलेला तो माणूस एकदाचा उठतोय का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

म्हाताऱ्याला ते दिसत नव्हते. आंधळा झाल्यामुळे तो पाण्याला चिकटून बसला होता, आणि पाण्याला चिकटून बसल्यामुळे पाणी पोरकं झालं होतं. आयुष्यभर पोरांना शिकवलेला धडा तो स्वतःच्या बाबतीत विसरला होता. पाण्यावर कोण आहे? तुम्ही आहात, आपा. तुम्हीच.

बोलायची गरज नव्हती. काठी हातात द्यायची, दंडाला धरून धोंड्यांवरून उतरवायचं, बस. तो आपल्या पायांनी पिकअपमध्ये चढला असता. कुत्री नको, माणसं नकोत, गाडीत घालणं नको. रविवारी बकऱ्या गेल्या असत्या. आणि ती खोली. खाट, खिडकी, खिडकीत निळी पट्टी. तिचं गाठोडं पिठाच्या पोत्यात बांधून तयार होतं. वरच तिने नवे सँडल ठेवले होते, हॉटेलातल्या फरशीवर वाजतील असे. घरातल्या मातीवर घालून बघितले, तर कसलाच आवाज नाही आला.

ती पन्नाशीला आली होती. भिंतीतून येणारं पाणी तिने अजून आपल्या हाताने एकदाही सोडलं नव्हतं.

“काठी,” म्हातारा म्हणाला.

तोमासा उठली. काठी दिली. त्याला काखेत धरून उभं केलं. किती हलका झाला होता, ओल्या चामड्याचंही वजन जास्त असतं. पाण्यातून निघालेल्या हाताने त्याने हवेत चाचपडलं, तिचा खांदा सापडला तसा घट्ट धरला. ती त्याला घेऊन चालायला लागली.

चार पावलांवर तो थांबला. “ही वाट नव्हे.”

“गप चला.”

“तोमा, वाट डावीकडे...”

“आपा, जन्मात एकदा तरी माझं ऐका.”

सालातेची मुळं कड्यावरून उतरत जमिनीत शिरली होती, दोराच्या जाळ्यासारखी. त्यांच्यामागे कपार होती, दोन माणसांना पुरेल एवढी. तिने त्याला आत बसवलं, शेजारी स्वतः बसली. त्याची टोपी काढून मांडीवर ठेवली. त्याने काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तिने त्या तोंडावर हात ठेवला. मिशा राठ, रसाने चिकट.

काहीच झालं नाही.

त्याचा श्वास तिच्या तळहातावर आदळत राहिला. गुडघ्याचं रक्त सुकून कातडी ओढायला लागली. तिला वाटलं, उशीर झाला, आता अंधार होईल आणि हे मूर्ख पक्षी तहानलेलेच झोपतील आणि हा म्हातारा उद्या गाडीत बसेल आणि त्यात माझा काय दोष? मी तर प्रयत्न केला. असं वाटलं आणि क्षणभर फार सुटल्यासारखं झालं.

एक होला उतरला. काठाच्या खडकावर टपकन. मान वळवली, पुढे सरकला, चोच पाण्यात खुपसली. मग दुसरा. मग कार्दोनांच्या माथ्यांवरून सगळे एकदम सुटले आणि घळीत पंखांचा असा आवाज भरला की जणू कोणी कापडाचे तागेच्या तागे फाडतंय. रांजणाचा काठ दिसेनासा झाला. एकमेकांच्या पाठीवर उतरत होते, ढकलत होते, पीत होते.

म्हाताऱ्याचा श्वास थांबला होता. तिने त्याच्या तोंडावरचा हात काढला. त्याच्या चेहऱ्याकडे तिने पाहिलं नाही, त्याच्या पायाकडे पाहिलं. चपलेतून बाहेर आलेला धुळीने भरलेला अंगठा हलत होता, आपला आपण.

वर खडा घरंगळला. धारेवर, अगदी समोर, उरलेल्या उजेडात क्रिसांतो खेचरावर होता. त्याने दोन्ही हात तोंडाशी नेले, हाक मारायला. आणि खाली बघितलं. हात तसेच राहिले. तोमासाने मुळांच्या जाळीतून बघितलं, तो होल्यांकडे बघत होता. मग कड्यावरच्या डोमकावळ्यांकडे. मग सालातेकडे, बराच वेळ, लागतो त्याहून जास्त वेळ. त्याने टोपी काढली, बाहीने कपाळ पुसलं, टोपी पुन्हा घातली. हात खाली आले. खेचराचं तोंड फिरलं आणि टापांचा आवाज घराच्या दिशेने जायला लागला.

म्हातारा तिच्या कानाशी वाकला. लहान पोराला विचारावं तसं, मोठ्या गंभीरपणे, त्याने कुजबुजत विचारलं, “सांग, पाण्यावर कोण आहे?”

होले पीत होते. तोमासाने डोळे पुसले, मागच्या खडकाला डोकं टेकलं.

“कोणी नाही, आपा,” ती म्हणाली.